ल्वूवची वही आणि अंतराचं गणित

१७ जुलै १९३५ रोजी ल्वूव शहरातल्या एका कॅफेत एक जाड, कोरी वही उघडली गेली आणि तिच्या पहिल्या पानावर स्टेफान बानाख या गणितज्ञांनी एक प्रश्न लिहिला. एखादी मेट्रिक स्पेस घेतली, तर तिच्यातली अंतरं नव्यानं ठरवून तिच्या अंगी अमुक अमुक चांगले गुण कधी आणता येतील, असा तो प्रश्न. गुण कोणते, ते आज सोडून देऊ. माझं लक्ष वेधून घेतलं ते ‘मेट्रिक स्पेस’ या शब्दांपुढच्या एका छोट्या कंसानं. ही स्पेस ‘बी’ प्रकारचीही असू शकेल, एवढंच त्या कंसात म्हटलं आहे. ‘बी’ हे बानाख यांच्याच आडनावाचं आद्याक्षर. आज जगभर जिला ‘बानाख स्पेस’ म्हणतात ती हीच.

मेट्रिक स्पेस कंसाबाहेर आणि बानाख स्पेस कंसात. या दोघींचं नातं काय, हे मी विद्यार्थी असताना एका ओळीत शिकलो. प्रत्येक नॉर्म्ड स्पेस ही मेट्रिक स्पेस असते, उलट खरं असतंच असं नाही. सिद्धता चार ओळींची. परीक्षेत दोन-तीन गुणांना विचारत. पुढे शिकवायला लागल्यावर मीही ती ओळ फळ्यावर तशीच लिहीत गेलो. त्या ओळीमागे दोन शहरं, अर्धं शतक आणि बरीच माणसं उभी आहेत, हे कळायला मला फार उशीर लागला. आज त्यांच्याविषयी बोलावं म्हणतो. गणिताची भीती बाळगणाऱ्यांनी घाबरू नये. बेरीज, वजाबाकी आणि ‘किती लांब?’ हा प्रश्न, याहून अधिक काही लागणार नाही.

आधी पॅरिस. १९०६ साली मोरिस फ्रेशे यांनी तिथे आपला डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. त्यांचे मार्गदर्शक जाक आदामार यांनी त्यांना शाळेत शिकवलं होतं. मुलाची गणितातली चमक त्यांनी तेव्हाच हेरली होती. त्या काळी आदामार आणि इटलीतले व्होल्तेरा अशा प्रश्नांत गुंतले होते की ज्यांत शोधायची गोष्ट एखादी संख्या नसते, अख्खी वक्ररेषा असते. दोन खांबांना टांगलेली साखळी कोणता आकार घेईल? उंचावरच्या एका बिंदूपासून खालच्या दुसऱ्या बिंदूपर्यंत मणी घरंगळत न्यायचा, तर कमीत कमी वेळाची वाट कोणती? संख्यांच्या बाबतीत ‘उत्तराच्या जवळ जवळ जाणं’ म्हणजे काय ते आपल्याला कळतं. ३.१ पेक्षा ३.१४ हे ‘पाय’च्या अधिक जवळ आहे. पण एक वक्ररेषा दुसरीच्या जवळ आहे असं म्हणायचं, तर दोन वक्ररेषांमधलं अंतर कशानं मोजायचं?

फ्रेशे यांची युक्ती अशी, की अंतर म्हणजे काय हे सांगत बसायचं नाही, अंतर वागतं कसं तेवढंच सांगायचं. दोन गोष्टींमधलं अंतर ही शून्य किंवा त्याहून मोठी संख्या असावी, आणि ती शून्य असेल तर त्या दोन गोष्टी एकच असाव्यात. इथून तिथवर जितकं, तितकंच तिथून इथवर. आणि वाटेत तिसऱ्या ठिकाणी वळसा घालून गेलं तर अंतर वाढेल किंवा तेवढंच राहील, कमी कधी होणार नाही. बस्स. एवढं जिथे पाळलं जातं तिथे अंतराची भाषा बोलायला मुभा. त्या गोष्टी जमिनीवरचे बिंदू असोत, वक्ररेषा असोत की आणखी काही.

समजा, काल आणि आज या दोन दिवसांच्या तापमानाचे आलेख आपण एकावर एक ठेवले. दिवसभरात ज्या क्षणी दोघांत सर्वांत मोठी तफावत पडते, ती तफावत म्हणजे त्या दोन आलेखांमधलं अंतर. हे फ्रेशे यांचे तिन्ही नियम पाळतं. आता दुसरं उदाहरण घ्या. ‘कमळ’ आणि ‘कमल’ या शब्दांत एक अक्षर वेगळं, म्हणून अंतर १. ‘कमळ’ आणि ‘गवत’ यांत तिन्ही अक्षरं वेगळी, म्हणून अंतर ३. हेही नियमात बसतं. आणि हा पोरखेळ समजू नका. १९५० साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग यांनी नेमक्या याच अंतराच्या आधारानं संदेशांतल्या चुका आपोआप दुरुस्त करण्याची पद्धत मांडली.

‘मेट्रिक स्पेस’ हे नाव मात्र फ्रेशे यांचं नाही. ते जर्मनीत फेलिक्स हाउसडॉर्फ यांनी १९१४ च्या आपल्या ग्रंथात दिलं. हे हाउसडॉर्फ ज्यू होते. जानेवारी १९४२ मध्ये बॉन शहरात, छावणीत हजर होण्याचा हुकूम आल्यावर, त्यांनी, त्यांच्या पत्नीनं आणि मेहुणीनं एकाच रात्री विष घेतलं. पुस्तकातल्या व्याख्येखाली हे कुठे लिहिलेलं नसतं.

आता वरच्या दोन उदाहरणांतला फरक बघा. तापमानाच्या आलेखांची बेरीज करता येते. दोन दिवसांचे आकडे तासागणिक मिळवायचे, दोनानं भागायचं, की सरासरी दिवसाचा आलेख तयार. शब्दांचं तसं नाही. ‘कमळ’ अधिक ‘गवत’ बरोबर काय? ‘कमळ’ची दुप्पट काय? फ्रेशे यांच्या व्याख्येला याचं काही सोयरसुतक नाही. तिला फक्त अंतर कळतं. म्हणूनच ती इतक्या ठिकाणी लागू पडते, आणि म्हणूनच तिच्या हाताशी अवजारं थोडी. समीकरणं सोडवायची तर बेरीज लागते, पट करता यावी लागते.

ही अवजारं ज्यांनी आणली ते बानाख मूळचे क्राकूव शहरातले. गणिताची पदवी त्यांच्याकडे नव्हती. १९१६ साली एका संध्याकाळी क्राकूवच्या बागेत फिरताना हुगो श्टाइनहाउस या गणितज्ञांच्या कानावर ‘लेबेग इंटिग्रल’ असे शब्द पडले. ही त्या वेळी अगदी नव्या गणितातली संज्ञा. बागेतल्या बाकावर ती ऐकू यावी हे नवल. श्टाइनहाउस वळून बाकापाशी गेले. तिथे बानाख आणि त्यांचे मित्र निकोडिम गप्पा मारत बसले होते. ओळख झाली. श्टाइनहाउस यांनी काही दिवस डोक्यात घोळणारा एक प्रश्न सांगितला, आणि थोड्याच दिवसांत बानाख उत्तर घेऊन हजर झाले. पुढे आयुष्यभर श्टाइनहाउस म्हणत, की माझा सर्वांत मोठा गणिती शोध म्हणजे बानाख.

ल्वूवला आल्यावर बानाख यांनी १९२० साली डॉक्टरेटसाठी प्रबंध दिला. तो १९२२ मध्ये छापून आला. त्यात त्यांनी फ्रेशे यांच्या पुढचं पाऊल टाकलं. ज्यांची बेरीज होते आणि ज्यांना संख्येनं गुणता येतं अशा गोष्टींना गणितात सदिश म्हणतात. त्यांतल्या प्रत्येकाला बानाख यांनी एक लांबी दिली. त्या लांबीला म्हणायचं नॉर्म. लांबी शून्य असेल ती फक्त शून्य सदिशाची. सदिश दुप्पट केला तर लांबी दुप्पट. आणि दोन सदिशांच्या बेरजेची लांबी त्यांच्या लांब्यांच्या बेरजेपेक्षा जास्त नाही. दोन सदिशांमधलं अंतर काढायचं तर वजाबाकी करायची आणि उरेल त्याची लांबी घ्यायची. फ्रेशे यांचे तिन्ही नियम आपोआप पाळले जातात. माझ्या पाठ केलेल्या ओळीचा पूर्वार्ध तो हाच. बानाख यांनी आणखी एक अट घातली होती, की या अवकाशात कुठे भोकं नसावीत. एखादी मालिका एकवटत चालली असेल तर ती जिथे एकवटते ते ठिकाण तिथे असलंच पाहिजे.

अशा अंतराचे दोन खास गुण असतात. दोन्ही बिंदू एकाच दिशेला सारखेच सरकवले तर त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. आणि सगळं दुप्पट केलं तर अंतरही बरोबर दुप्पट होतं. हे दोन गुण ज्या अंतरात नाहीत ते नॉर्ममधून आलेलं नाही, हे ओळखावं. पृथ्वीच्या पाठीवरचं अंतर घ्या. तुम्ही कितीही प्रवास करा, कुठल्याही गावापासून सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा अधिक लांब तुम्ही जाऊच शकत नाही. त्यापुढे परतीची वाट सुरू होते. जिथे ‘दुप्पट लांब’ याला मर्यादा पडते तिथे नॉर्म कुठून येणार?

अमेरिकेत नॉर्बर्ट वीनर यांनाही त्याच सुमारास हेच सुचलं होतं. काही काळ लोक ‘बानाख-वीनर स्पेस’ असं जोडनाव वापरत. वीनर यांचं मन मात्र दुसऱ्या विषयांत रमलं आणि त्यांनी हा नाद सोडला. बानाख यांनी सोडला नाही. १९३२ साली त्यांचा ग्रंथ फ्रेंच भाषेत आला आणि तो या विषयाची गीताच ठरला.

ल्वूव तेव्हा पोलंडमध्ये होतं. त्याआधी ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, नंतर सोव्हिएत संघात गेलं आणि १९९१ पासून स्वतंत्र युक्रेनमध्ये आहे. नावही ल्वीव झालं. त्या काळी विद्यापीठाजवळ दोन कॅफे समोरासमोर होते. गणितज्ञांचा अड्डा आधी एकात भरे, मग तो समोरच्या ‘स्कॉटिश कॅफे’त गेला. तिथली टेबलं संगमरवरी. त्यांवर पेन्सिलीनं लिहायचं, बोटानं पुसायचं, पुन्हा लिहायचं. स्टानिस्वाव उलाम या तेव्हाच्या तरुण गणितज्ञानं पुढे आठवण लिहून ठेवली आहे, की बानाख आणि माझुर यांच्याबरोबर त्याची एक बैठक तिथे सतरा तास चालली, जेवणापुरतीच काय ती थांबली. रात्री सफाई करणारे टेबल पुसून टाकत आणि त्याबरोबर कधी एखादी सिद्धताही जाई. म्हणून शेवटी बानाख यांच्या पत्नी लुत्सिया यांनी एक वही आणून दिली. ती कॅफेतच राहायची. कोणी गणितज्ञ आला, की वेटर कॉफीबरोबर वही आणून ठेवी. प्रश्नापुढे कधी कधी बक्षीसही लिहिलेलं असे. कोणाची वाइनची बाटली, कोणाची लहान ग्लासातली बिअर. पाहुणे गणितज्ञही प्रश्न लिहून जात, आणि त्यांत खुद्द पॅरिसचे फ्रेशेही होते.

वही येण्याच्या तीन वर्षं आधीची एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. माझ्या पाठ केलेल्या ओळीत जे लपलं होतं ते तिनं मला दाखवलं.

नॉर्म्ड स्पेसकडे निव्वळ मेट्रिक स्पेस म्हणून पाहायचं, म्हणजे तिच्यातली बेरीज विसरायची आणि फक्त अंतरं लक्षात ठेवायची. मग प्रश्न असा, की विसरलेली बेरीज त्या अंतरांवरून परत मिळवता येईल का? मला विद्यार्थी असताना हे कोणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. असं समजा, की दोन नॉर्म्ड स्पेस आहेत. दोन्हींच्या बेरजेचे कागद जळून गेले आणि हाती उरले फक्त अंतरांचे तक्ते. कोणीतरी दोन्हींतल्या बिंदूंच्या अशा जोड्या लावल्या, की इकडच्या दोन बिंदूंमध्ये जेवढं अंतर, तेवढंच तिकडच्या त्यांच्या जोडीदारांमध्ये, आणि कोणताही बिंदू जोडीशिवाय राहिला नाही. शून्याची जोडी शून्याशी आहे. मग बेरजाही जुळतील का? इकडच्या दोन सदिशांची बेरीज आणि तिकडच्या जोडीदारांची बेरीज, हे एकमेकांचे जोडीदार असतील का?

माझुर आणि उलाम यांनी १९३२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात तीन पानांचं टिपण छापून उत्तर दिलं: होय, नेहमीच. माझुर तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते, उलाम बावीस.

त्यांची कल्पना इतकी सुरेख आहे, की ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. बेरीज ओळखायची तर मध्यबिंदू ओळखता आला की पुरे. दोन सदिशांचा मध्यबिंदू काढा, आणि शून्यापासून त्या मध्यबिंदूपर्यंत जितकं गेलात तितकंच आणखी पुढे जा. जिथे पोचाल ती त्या दोघांची बेरीज. तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच, की फक्त अंतरांच्या तक्त्यावरून मध्यबिंदू कसा शोधायचा?

सोपं वाटतं. दोघांपासून निम्म्या अंतरावर असेल तो मध्यबिंदू. नेहमीच्या सपाट कागदावर ते खरंही आहे. पण काही नॉर्म वेगळे असतात. समजा, एका शहराचे सगळे रस्ते पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर असे काटकोनात आहेत आणि चालायचं ते रस्त्यानंच. तुमच्या घराच्या चौकापासून मित्राचा चौक दोन चौक पूर्वेला आणि दोन उत्तरेला आहे. अंतर झालं चार. आता दोघांपासून बरोबर दोन-दोन चौकांवर कोणते चौक आहेत? एक, सरळ पूर्वेला दोन चौक गेल्यावर लागतो तो. दुसरा, सरळ उत्तरेला दोन गेल्यावर लागतो तो. आणि तिसरा, एक पूर्वेला आणि एक उत्तरेला गेल्यावर लागतो तो. तिघेही निम्म्या वाटेवर! यांतला खरा मधला कोणता?

माझुर-उलाम म्हणतात, या तिघांचीच आपापसांतली अंतरं बघा. पूर्वेकडचा आणि उत्तरेकडचा एकमेकांपासून चार चौक लांब आहेत. या टोळीतलं हे सर्वांत मोठं अंतर. त्याचं निम्मं दोन. आता जो आपल्या दोन्ही सोबत्यांपासून दोनपेक्षा अधिक लांब नाही, तोच ठेवा. पूर्वेकडचा उत्तरेकडच्यापासून चार लांब, तो गेला. तसाच उत्तरेकडचा गेला. उरला तिसरा, आणि खरा मध्यबिंदू तोच. एका चाळणीनं काम भागलं. अवघड स्पेसमध्ये एका चाळणीत भागत नाही. उरलेल्यांना पुन्हा चाळावं लागतं, पुन्हा, पुन्हा. पण दर वेळी टोळीचा पसारा निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो, खरा मध्यबिंदू कधीच गळत नाही, आणि शेवटी तो एकटा उरतो. या सबंध खटाटोपात बेरीज कुठेही वापरलेली नाही, फक्त अंतरं. त्यामुळे ज्या जोड्या अंतरं राखतात त्या मध्यबिंदूही राखतात, आणि मध्यबिंदू राखले की बेरीज राखली.

म्हणजे आपण टाकून दिली असं समजत होतो ती बेरीज अंतरांच्या तक्त्यातच दडून बसली होती. हे वाचलं त्या दिवशी मला माझ्या दोन-तीन गुणांच्या उत्तराची थोडी लाजच वाटली.

एक अट मात्र महत्त्वाची आहे: कोणताही बिंदू जोडीशिवाय राहता कामा नये. ती सोडली तर गंमत होते. अंतर मोजण्याची अशी रीत घ्या, की पूर्वेकडचा फरक आणि उत्तरेकडचा फरक यांतला जो मोठा असेल तेच अंतर. या रीतीनं एक सरळ रेषा मधोमध काटकोनात दुमडून ठेवली तरी तिच्यावरच्या कोणत्याही दोन बिंदूंमधलं अंतर रेसभरही बदलत नाही. अंतरं सगळी शाबूत, पण सरळ रेषा सरळ उरली नाही. दुमडलेली रेषा सबंध प्रतल व्यापत नाही, बाकीचे बिंदू एकटे राहतात, म्हणून हे घडू शकतं.

या सिद्धतेला १९३२ नंतर अनेकांनी हात लावला. २००३ साली फिनलंडचे जुसी वैसाला यांनी ती इतकी आटोपशीर करून दिली, की आता ती एका तासिकेत फळ्यावर मांडता येते.

ओळीचा उत्तरार्धही तितका खरा उरला नाही. प्रत्येक मेट्रिक स्पेस ही नॉर्म्ड स्पेस नसते हे ठीक. पण प्रत्येक मेट्रिक स्पेसला एखाद्या नॉर्म्ड स्पेसच्या घरात, एकही अंतर न बदलता, बिऱ्हाड करता येतं. याची सुरुवात फ्रेशे यांनीच केली होती. सर्वांना लागू पडेल अशा रूपात ते १९३५ साली काझिमिएश कुरातोव्स्की यांनी मांडलं. हे गृहस्थही काही वर्षं ल्वूवच्या तंत्रविद्यालयात शिकवत होते. युक्ती नकाशाच्या कोपऱ्यात गावोगावच्या अंतरांचा तक्ता असतो, त्याच्यासारखी. त्यांच्याच मुलखातली तीन शहरं घेऊ. सरळ रेषेत मोजलं तर ल्वूव-क्राकूव सुमारे २९५ किलोमीटर, क्राकूव-वॉर्सा २५०, आणि ल्वूव-वॉर्सा ३४०. आता प्रत्येक शहराऐवजी त्याची तक्त्यातली ओळ घ्या. ल्वूव म्हणजे ०, २९५, ३४०. क्राकूव म्हणजे २९५, ०, २५०. शहरांची बेरीज होत नाही, पण आकड्यांच्या ओळींची होते! या दोन ओळींतल्या आकड्यांची वजाबाकी करा: फरक येतात २९५, २९५ आणि ९०. त्यांतला सर्वांत मोठा २९५, म्हणजे बरोबर ल्वूव-क्राकूव अंतर. कोणतीही दोन शहरं घेतली तरी हे जमतं, आणि शहरांच्या जागी शब्द घेतले तरीही.

वहीतल्या नोंदी चालू राहिल्या. १९३९ च्या उन्हाळ्यात उलाम सुट्टीसाठी अमेरिकेहून घरी आले होते. युद्धाची चिन्हं दिसत होती. त्यांनी लिहिलं आहे, की युद्ध पेटलंच तर वही पेटीत घालून गावाबाहेरच्या फुटबॉलच्या मैदानात गोलच्या खांबापाशी पुरू, असं माझुर त्यांना म्हणाले होते. त्या ऑगस्टमध्ये उलाम धाकट्या भावाला घेऊन बोटीनं अमेरिकेला निघाले. वडील आणि बहीण मागे राहिले. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारात दोघंही गेले.

सप्टेंबरमध्ये ल्वूव सोव्हिएत फौजांच्या ताब्यात गेलं. तरी कॅफे चालू होता, वहीत रशियन नावंही दिसू लागली. शेवटची नोंद आहे ३१ मे १९४१ ची, क्रमांक १९३, श्टाइनहाउस यांची. काड्यापेट्यांमधल्या काड्यांविषयीची. महिन्याभरात जर्मन फौजा शहरात शिरल्या. ३ जुलैच्या रात्री प्राध्यापकांना त्यांच्या घरांतून उचललं आणि पहाटे शहरातल्या टेकडीवर गोळ्या घातल्या. त्यांत अंतोनी वोम्नित्स्की होते, ज्यांनी १९२० साली पदवी नसलेल्या बानाख यांना आपले सहायक म्हणून नेमलं होतं. व्वोजिमिएश स्तोझेक होते, दोन मुलांसह. पुढच्या दोन वर्षांत आउएरबाख गेले, शाउडर गेले. श्टाइनहाउस दुसऱ्याच्या नावाच्या कागदपत्रांवर खेड्यात लपून राहिले.

आणि बानाख? त्यांनी जर्मन ताब्याची तीन वर्षं प्राध्यापक वायगल यांच्या संस्थेत उवांना रक्त पाजून काढली. टायफसची लस तिथे उवांपासून बनवत. उवांच्या डब्या पायाला बांधून घ्यायच्या आणि त्यांना पोटभर रक्त पिऊ द्यायचं, हे काम. त्याचं ओळखपत्र जवळ असलं, की जर्मन शिपाई रोगाच्या भीतीनं सहसा हात लावत नसत. शहरातले कितीतरी विद्वान यामुळे वाचले. बानाखही वाचले, पण फुप्फुसाच्या कर्करोगानं ३१ ऑगस्ट १९४५ रोजी त्याच शहरात त्यांचा अंत झाला. वय त्रेपन्न. ल्वूव आता पोलंडमध्ये उरलं नव्हतं. पोलिश माणसं गाठोडी बांधून पश्चिमेकडे निघाली होती.

वही मात्र वाचली. बानाख कुटुंबाबरोबर ती व्रोत्सवाव शहरात पोचली. श्टाइनहाउस यांनी ती स्वतःच्या हातानं पानन् पान उतरवून काढली आणि १९५६ साली ती नक्कल उलाम यांना अमेरिकेत लॉस अलामोसला पाठवली. उलाम तोवर हायड्रोजन बॉम्बच्या कामामुळे जगाला ठाऊक झाले होते. त्यांनी सगळ्या प्रश्नांचं इंग्रजी भाषांतर केलं आणि १९५७ साली तीनशे प्रती काढून गणितज्ञांना वाटल्या.

तीत १५३ क्रमांकाचा प्रश्न माझुर यांचा आहे, तारीख ६ नोव्हेंबर १९३६. तो सुटला तर एक गोष्ट समजणार होती: कोणतीही बानाख स्पेस, फार अवाढव्य नसेल तर, मोजता येण्याजोग्या सदिशांच्या एका यादीतून क्रमाक्रमानं उभी करता येते का? बक्षीस होतं एक जिवंत हंस, पोलंडात घरोघर पाळतात तो, मोठ्या पांढऱ्या बदकासारखा. छत्तीस वर्षं कोणाला उत्तर आलं नाही. १९७२ साली स्वीडनच्या पेर एन्फ्लो या तरुणानं दाखवून दिलं, की अशी यादी जिला नाहीच अशी बानाख स्पेस असते. माझुर तेव्हा हयात होते. त्याच वर्षी वॉर्सामध्ये समारंभ झाला, टेलिव्हिजननं तो दाखवला. त्याचा फोटो मी पाहिला आहे. टोपलीत हंस आहे, मान बाहेर काढलेली, आणि सत्तरीकडे झुकलेले माझुर ती टोपली एन्फ्लोच्या हाती देत आहेत.